भिंतीवरून केबल

लिहितात एक, म्हणतात कीथली.
पहिल्या हिवाळ्यात बसच्या ड्रायव्हरनं
माझा उच्चार दुरुस्त केला होता,
न हसता, सुटे पैसे मोजता मोजता.
म्हणून लॅपटॉपच्या खोक्यावर छापलेली चिप
आत निघाली नाही, दुसरीच निघाली,
तेव्हा मला फार नवल वाटलं नाही.

लॅपटॉप क्लिफर्ड सग्डनचा. शेजारी,
वय एक्क्याऐंशी, कबुतरं बावीस.
"दुकानात म्हणतात नवा घ्या. याला काय झालंय?
बिजागरी शाबूत आहे."
मी म्हटलं, लिनक्स टाकून देते.
टाकून देते.
या दोन शब्दांचा मराठीतला दुसरा अर्थ
मला रात्री अकराला आठवला.

आधी नुसता काळा पडदा.
कोपऱ्यात एक रेघ लुकलुकायची, मग तीही नाही.
बूटच्या ओळीला शेवटी नोमोडसेट जोडलं,
म्हणजे, बाई गं, नटूथटू नकोस, आहेस तशी ये.
आली. ढोबळ, पसरट, आठशे बाय सहाशे,
पण आली.

मग वायफाय.
ड्रायव्हर होता, फर्मवेअर नव्हतं.
फर्मवेअर इंटरनेटवर, इंटरनेट वायफायवर,
वायफाय फर्मवेअरवर अडलेलं.
वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही
आणि लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही,
हे मी क्लिफर्डला समजावून सांगितलं.
तो म्हणाला, लोकरीच्या गिरणीत
आमच्याकडे असे दोन फोरमन होते.

लॉगमध्ये ओळीमागून ओळ:
फाइल सापडली नाही, एरर उणे दोन.
बाहेरही उणे दोनच होतं.

माझा फोन जोडून पाहिला. फोन
शांतपणे स्वतःला चार्ज करत राहिला.
"कबुतर परतलं नाही तर मी दोन दिवस दार उघडं ठेवतो,"
क्लिफर्ड म्हणाला, "तिसऱ्या दिवशी यादीत रेघ."
त्याला ते धीर देणं वाटत असावं.

शेवटी वीस मीटरची निळी केबल
माझ्या राउटरपासून, स्वयंपाकघराच्या खिडकीतून,
कोळशाच्या जुन्या कोठीवरून,
दोन परसांमधल्या काळ्या दगडी भिंतीवर चढवली.
पलीकडून त्यानं हात उंचावून ती घेतली,
भाजीची वाटी घेतात तशी,
सांडू नये म्हणून दोन्ही हातांनी.
खिडक्या उघड्या. टोप्या घालून बसलो.
तीन मेगाबाइटची फाइल. चार सेकंद.
मग मॉड्यूल काढलं, पुन्हा घातलं,
आणि अख्ख्या गल्लीची नेटवर्कं एकदम दिसली,
कुणाचं नाव कुत्र्याचं, कुणाचं फुटबॉलच्या टीमचं.
माझंही होतं त्यात. देवनागरीत.
"हे वेडंवाकडं कुणाचं?" त्यानं विचारलं.

आवाज मात्र नव्हता.
तासभर मी कार्डं बदलली, फाइली खरवडल्या,
चहाचे दोन कप गार केले.
मिक्सर उघडला तर सगळ्या पट्ट्या म्यूट.
कुणी बंद केल्या नव्हत्या.
नवीन ठिकाणी आल्यावर तसंच असतं सुरुवातीला,
यावर मी जास्त बोलणार नाही.

आता कबुतरांच्या कड्यांचे नंबर छापून येतात,
शेवटचा रकाना कापून. प्रिंटरशी पुढच्या रविवारी.
झाकण लावलं तर यंत्र झोपतं
आणि उठत नाही, काही केल्या.
मी कर्नल बदलला, जुना आणला, नवा आणला.
क्लिफर्डनं झाकणात कपड्याचा लाकडी चिमटा अडकवला.
"लावायचंच नाही," म्हणाला. "मीही दुपारी झोपत नाही."

केबल अजून भिंतीवरच आहे.
काढते म्हटलं तर म्हणतो, असू दे.
एक पिसाळ, राखाडी मादी
नेमकी तिच्यावरच येऊन बसते.