पुदिना

हुक्केरीच्या रजिस्ट्रार कचेरीसमोर,
झेरॉक्सच्या दुकानाला टेकून माझं टेबल.
कन्नडात टाईप करते, मराठीत समजावून सांगते,
पैसे एकदाच घेते.

परवा मठाचे काडय्या विश्वस्त आले,
पिशवीत स्टँप पेपर, वर खाऊची पानं.
करार होता:
कंबळी अज्जांचं नाव आणि घोंगडी पांघरलेली छबी
दंतमंजनाच्या डब्यावर छापायची, दहा वर्षं.
डझनामागं मठाला सव्वा रुपया.

कलम चार. मठानं कारखान्याला द्यायचे अडतीस लाख,
दानपेटीतले,
पहिली तीन वर्षं व्याज नाही.
कलम सात. राख मठाच्या गोठ्यातली, किंमत शून्य,
‘प्रसाद’ असा शब्द घाला, म्हणाले.

घातला.
मग विचारलं, हा सव्वा रुपया कारखाना आणणार कुठून?
त्या अडतीस लाखांतूनच की, सुरवातीला.
तुम्ही टाईप करा अक्का.

लिहून देणार मठ, तर्फे काडय्या.
लिहून घेणार कारखाना, तर्फे त्यांचा मेहुणा,
त्याला ताप आलेला,
मुखत्यारपत्र काडय्यांच्याच खिशात.
डावीकडं निळ्या शाईनं सही केली.
पेन खिशाला लावलं. दुसरं काढलं, काळं.
तेवढ्यात पैसे टेबल ओलांडून गेले
आणि टेबल तर माझं, दोन फुटांचं.

शिक्का वाळेपर्यंत फुंकर मारत बसले ते,
जाताना एक डबा ठेवला, नमुन्याचा.

आईला चारच दात.
तिनं डबा पाहिला, छबी पाहिली,
पदर डोक्यावर घेतला
आणि डबा देव्हाऱ्यात नेऊन ठेवला, समईच्या उजवीकडं.
अगं, दात घासायचंय ते.
ऐकलंच नाही.
मला गोवर आला होता तेव्हा
अज्जांनी चिमूटभर राख कागदात बांधून दिलेली,
आई एकावन्न पैसे देत होती,
त्यांनी ते परत तिच्या मुठीत कोंबले.
ही गोष्ट मी शंभरदा ऐकलीय.
टाईप करताना एकदाही आठवली नाही.

कलम नऊ मात्र पाठ आहे.
रिकाम्या डब्यावरील छबीचा अवमान झाल्यास
जबाबदारी सर्वस्वी ग्राहकाची.

आज पहाटे तिनं झाकण उघडलं,
बोटभर कपाळाला लावलं,
उरलेलं जिभेवर ठेवलं,
थोडा वेळ गप्प राहिली.
मग म्हणाली,
औंदा विभूतीत
पुदिना घातलाय वाटतं.