स्क्रूड्रायव्हरची मूठ

सकाळी संगणकाचं झाकण उघडून
लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक हार्ड डिस्कवर टेकवलं
आणि मूठ कानाला लावली.
टक्. थोडी घरघर. मग दोनदा टक्.

एकतीस वर्षं फेरीबोटीच्या पोटात
मी असाच ऐकत आलो:
बिअरिंग घासतंय, नोझल गळतंय,
पंपानं हवा धरलीय.
इंजिन कधी खोटं बोललं नाही.
वर डेकवरची माणसं बोलली.
ही तर सरळ सांगत होती, महिना. फार तर दीड.

आत आहे काय एवढं?
आजोबांचे पोर्तुगीज दस्तऐवज, स्कॅन केलेले एकशे सात,
घरात कुणालाच वाचता येत नाहीत
म्हणून पुसायचं धाडस कुणाला नाही.
बावीस चवथींच्या बावीस माटोळ्या,
प्रमिलेनं खाली आडवं पडून काढलेल्या,
एकीत माझा अंगठा.
आणि निवृत्तीच्या दिवशीचा इंजिनाचा आवाज,
दिवाडी ते जुनं गोवं, जाऊन येऊन अकरा मिनिटं,
त्यात मधेच कुणीतरी खोकतं.
रुझार असावा.
रुझार आता नाही.

नायनूनं कंपनीचं नाव चिठ्ठीवर लिहून दिलेलं:
हीच घे, माझी नऊ वर्षं चालतेय.
पणजीच्या दुकानात रोविना कुलासोनं चिठ्ठी वाचली,
घडी घालून परत दिली.
"माझे आजोबा दिवसाला तीस सिगारेटी ओढून
ऐंशीला पोचले, अंकल.
तो काही सल्ला नव्हे."

काउंटरवर दोन डबे ठेवले तिनं.
"ही फिरते. मिनिटाला सात हजार दोनशे."
माझं इंजिन अठराशेला थरथरायचं,
चहाचा पेला सरकत सरकत
फळीच्या काठाशी जाऊन उभा राहायचा.
"आणि हिच्यात काहीच फिरत नाही."
काहीच?
"काहीच नाही. खाली पडली तरी बहुतेक काही होत नाही."
हातात घेतली. बिस्किटाच्या पुड्याएवढंही वजन नाही.
कानाला लावली. ती हसली.

मग जाताना सांगते कशी?

हसू थांबलं. निळ्या नखानं तिनं
डब्यावरचा चिकटपट्टीचा कोपरा दाबला.
"सांगेलच असं नाही.
एखाद्या सकाळी संगणकाला ती दिसतच नाही."

वॉरंटी पाच वर्षं, मी वाचलं.
"डिस्क मिळेल बदलून. आतलं नाही,"
आणि बोलता बोलता डबा
माझ्यापासून चार बोटं मागे ओढला.
विकणाऱ्यानं असं करायचं नसतं.
तेव्हाच ठरलं, घ्यायची तर इथेच.

परतीच्या बोटीत पिशवी मांडीवर,
खालून ओळखीची धडधड
(दुसऱ्या सिलिंडरकडे कुणीतरी बघायला हवं).
लोक विचारायचे, भरवशाची बोट कुठली हो?
आमच्या धक्क्यावर भरवशाची बोट कधीच नव्हती.
दोन बोटी होत्या.
एक चालायची, एक बांधून ठेवलेली,
तिचंही इंजिन आठवड्यातून एकदा
उगाच चालवून बघायचं, ते काम माझं.

म्हणून पिशवीत दोन.
फिरणारी घरात, मला ऐकू येईल अशी.
मुकी मडगावला बहिणीकडे, कपाटात,
दर चवथीला आणून लावून बघायची.
प्रमिला म्हणाली, एवढ्या पैशांत फ्रिजचा दरवाजा झाला असता.
झाला असता.

रात्री नकला सुरू केल्या.
पडद्यावरची पट्टी मुंगीच्या पायानं.
दोनदा वीज गेली, यूपीएस ओरडला,
शेजारचा कुत्रा त्याला उत्तर देत राहिला.
दस्तऐवज गेले. माटोळ्या गेल्या, सोळाव्या वर्षापर्यंत.
मग जुनी अडखळली.
टक्. टक्.
मी दिवा न लावता उठलो,
तिच्या कवचावर हात ठेवला, गरम होतं.
ओढ गे, म्हटलं,
धक्का दिसतोय.