पाय, मग पाठ, मग हात

सातपूरच्या कारखान्यात बावीस वर्षं
मी आवाज ऐकायची नोकरी केली.
बेअरिंग कोरडं पडलं की आधी कुजबुजतं,
मग कण्हतं, मग एक दिवस
अख्खी लाइन बंद पाडतं.
कुजबुज ऐकणाऱ्याला तिथे मान असतो.

घरात मात्र
कादंबरी गप्प झाली
ते माझ्या कानाला कळलंच नाही.
गप्प पोर म्हणजे शहाणं पोर,
असं आम्ही सिडकोत धरून चालतो.

टाळेबंदीचा सदतिसावा दिवस.
तिच्या दाराखालून निळा उजेड
रात्री अडीचला, पावणेचारला.
ताट जसंच्या तसं, भाकरीची एक कड मोडलेली.
गंगापूरच्या पाण्यावर पहाटे पाचला
जी पोरगी बोट डोक्यावर घेऊन उतरायची,
ती पलंगावरून उठून माठापर्यंत आली
तरी तिच्या आईला सण वाटायचा.

त्या महिन्यात पगार अर्धा आला.
पगार सर मात्र रोज पूर्ण यायचे,
फोनवर, संध्याकाळी सहाला.
वल्ह्याचं बोलायचे नाहीत, जोर-बैठकांचं नाही.
"आज ऊन अंगावर घेतलंस का?
काय खाल्लंस? कोणावर चिडलीस?"
आतून "हं", "नाही", "हं".
एकदा म्हणाले, फोन बाबांना दे.
"खैरनार, तिला काही शिकवू नका.
तिच्याकडून काहीतरी शिका."

मला ते काय कळणार.
मी पाना हातात घेतला.
दुसरं काही सुचत नसलं की
आमच्यातला माणूस पाना हातात घेतो.
पार्किंगमधल्या जुन्या सायकलचं मागचं चाक,
जिन्याखालचा पाइप,
बोरस्तेंच्या मोडक्या कपाटाचे रूळ.
गच्चीवर, मोहाडीहून आलेली द्राक्षं
मनुकांसाठी पसरली होती, त्यांच्या शेजारी
तीन दिवसांत उभं केलं
बिनपाण्याचं वल्हं.

कादंबरी वर आली, बघितलं,
"छान आहे," म्हणाली
आणि खाली गेली.

छान आहे.
बंद पडायच्या आधी मशीन
असंच गुळगुळीत चालतं कधी कधी.

त्या रात्री मीच बसलो त्याच्यावर,
बर्म्युडा आवरून, सत्तेचाळीस वर्षांचं पोट घेऊन.
ओढलं. साखळी निसटली. बसवली. ओढलं.
कमरेत चमक. खाली कुत्रं भुंकलं.
पांडवलेण्यांचा डोंगर काळा ठिक्कर,
महामार्गावर एक ट्रक नाही,
नुसती चाकाची खरखर.

"आधी हात नाही, बाबा."
जिन्याच्या दारात ती.
"आधी पाय. मग पाठ. मग हात.
परत येताना उलटं. सावकाश.
घाई परत येताना करायची नसते."

चुकलो. पुन्हा चुकलो.
तिने माझ्या खांद्यावर तळवा ठेवून
खांदा खाली दाबला.
पाय, पाठ, हात.
ती मोजत राहिली तीसपर्यंत,
आणि एकतीसच्या जागी म्हणाली,
"मला तीन आठवडे झोप नाहीये.
छातीवर कोणीतरी बसल्यासारखं होतं."

जिभेवर तयारच होतं:
काही होत नाही, सगळ्यांचंच असं चाललंय.
बावीस वर्षांचा कान म्हणाला, थांब.
"जास्त कधी होतं?" एवढंच विचारलं
आणि चाक आपोआप थांबू दिलं.

तिने सांगितलं. सगळं नाही.
अर्धी सुकलेली द्राक्षं
एकेक उचलून खात,
मध्येच बी थुंकून, मध्येच गप्प राहून.

सरांनी एका डॉक्टरीणबाईंचा नंबर दिला.
मंगळवारी नि शुक्रवारी, चाळीस मिनिटं, दार लावून.
आम्ही दाराशी उभे राहत नाही.
मी एकदा राहिलो होतो.
तिच्या आईने कॉलर धरून स्वयंपाकघरात आणलं,
कांदे चिरायला बसवलं.

बरं झालंय असं म्हणणार नाही.
दाराखाली उजेड अजून दिसतो,
कधी एकला विझतो, कधी नाही.
पण पहाटे डोक्यावर साखळी फिरते.
मी अंथरुणात पडून ऐकतो.
आज जरा कुरकुरत होती.

तेलाची बाटली वर ठेवून आलो.
ठेवली फक्त.