तिघांतला एक

आधी खा, ग्लेनिसबाई, फोटो मग दाखवा.
पहाटेचे पाच वाजलेत, अयागावाच्या पुलावर अजून दिवे आहेत,
पहिलं पातेलं आत्ता उकळलंय.
उदोन कुणासाठी थांबत नाही,
चार मिनिटांत त्याचं तारुण्य ओसरतं.

असं नव्हे. सुर्र आवाज करत ओढा.
तुमच्या देशात लाजतात, ठाऊक आहे मला.

हं, आता दाखवा.
काळ्या जेलवर या फिकट रेघा
आणि इथे, जिथे एक असायला हवी होती,
तिथे नुसता काळोख.

म्हणजे तीन कारागीर,
तीन रानगवतांच्या घराण्यांतले,
एका दाण्यात नांदणारे,
तिघांचं काम एकच, अमायलोज विणायचं.
आणि या वाणात एकानं हातातलं काम टाकलंय.
कुठे गेला तो?
तुम्ही हसता. म्हणता, गेला कुठेच नाही,
अक्षरं गळली त्याची, कधीतरी,
कुणी बघत नसताना.

तिघेही राबले की शेवई ताठ,
दाताखाली तुटते, वळत नाही.
तिघेही गेले तर?
तेही एका साली धाडलं होतंत तुम्ही.
अर्धा दिवस मी पातेल्याच्या बुडाची खळ खरवडत होतो,
आणि बायको, किनुए, खिडकीतून बघत होती.
हसली नाही, हे तिचे उपकार.

तीन तिघाडा, काम बिघाडा.
गव्हालाही लागू पडतं म्हणायचं!
दोघांनी विणायचं, एकानं हातचं राखायचं,
मग दाण्यात पाणी शिरतं,
फुगतं, बसतं, घर करतं.

माझ्या वडिलांना यातलं काही माहीत नव्हतं.
बंदरावरून पोती यायची.
ते एक शेवई चावायचे,
डोळे मिटायचे,
हे ठेवा, ते परत.
जीभ होती त्यांची, जेल नव्हतं.

आणि ते अर्ध्या दाण्याचं पुन्हा सांगा.
पात्यानं मधोमध कापता,
पोटाकडचा तुकडा परीक्षेला,
कोंबाकडचा डबीत, नंबर टाकून.
पास झाला की पेरता.
अर्ध्यातूनही रोप येतं?
पुरं? कणसासकट?

माझा डावा हात तीन वर्षांपूर्वी थकला.
तेव्हापासून कणीक पायानंच जास्त तुडवतो.
गिऱ्हाइकं म्हणतात, पूर्वीपेक्षा बरी होते.
त्यांचं मी मनावर घेत नाही.
उन्हाळ्यात मीठ वाढवतो, थंडीत कमी करतो,
तेवढंच माझं शास्त्र.

चला, बूट काढा.
मोजे राहू देत, वर प्लॅस्टिक आहे.
हा गोळा तुमच्याच गव्हाचा,
रात्रभर निजलाय.
टाच नको, चवडा टेका.
घाबरू नका, त्याला दुखत नाही.

आता पाय उचला.
थांबा. बोलू नका.
बघा, वर येतोय.
सावकाश.