होडावडे, साडेबारा अंश

पहाटे पाच पस्तीस. मेरेवर बॅटरी ठेवून
मी तापमापक वाचते, वहीत लिहिते: साडेबारा.
नाशिकचा गहू हसला असता या आकड्याला.
त्याला थंडी लागते दाणा धरायला,
जसं काहींना भांडण लागतं, झोप लागायला.
पण हे वायंगणी भात.
साडेबाराला ते पिवळं पडतं,
पानाच्या टोकाकडून खाली, इतकं हळू
की पहिले दोन दिवस उजेडालाच दोष देतो आपण.

चार वाफे आहेत माझ्याकडे. बांबूच्या काठ्या,
औषधांच्या खोक्यांचे पुठ्ठे: अ, ब, क, ड.
अ-वर नुसतं पाणी.
ब-वर ॲबसिसिक आम्ल, इतकं पातळ
की ते बाटलीत आहे, हे चिठ्ठीवर विसंबून मानायचं.
क-वर जिबरेलिन. ते म्हणतं, वाढ.
ड-वर दोन्ही. तिथे कोण कोणाचं ऐकतंय
मला अजून कळलेलं नाही.

सगुणा धुरी येते. कुणगा तिचा,
सहा महिन्यांसाठी आमच्या केंद्राचा.
डोक्यावरून टॉवेल, हातात चहाचा टोप.
"हिंवात तरवो वाढणा नाय," ती वाकून बघते,
"वाढणा नाय ता बराच करता."

हेच मी तीन वर्षं शिकले, पंख्याखाली बसून.
थंड पाण्यात मुळं नीट पीत नाहीत,
तेव्हा पान आपलं आपण हे आम्ल जमवतं,
सगळी बारीक तोंडं मिटून घेतं,
पेशीत साखर राखतं, उंची पुढे ढकलतं.
चाळीस पानी प्रकरणाचा अर्थ एक शब्द: थांब.
आम्ही बाहेरून फवारतो, ती फक्त
दोन रात्री आधी दिलेली आठवण.

फवारणीच्या इनासने क-वर पैज लावली होती,
उंच पोरं जिंकतात म्हणून.
क उंच झालं, फिकं झालं, दवानेच आडवं झालं.
ब बुटकं, हिरवं, कुणाशी न बोलणारं.
हरलेला इनास तिसऱ्यांचा एक वाटा देऊन गेला.
रात्री त्या वाफेवर एकेक उघडत गेल्या.
चार नाही उघडल्या. त्या मी टाकल्या.

इथवर अहवाल सरळ आहे.
साहेबांना शेवटचं वाक्यही पाठ आहे:
सदर आम्लामुळे पीक थंडी सोसते.

पण गेल्या साली, लवकर पेरलेल्या खालच्या कुणग्यात
भात पोटरीत असताना
थंडी तीन रात्रींसाठी परत आली.
तेव्हा आम्ही काही फवारलं नव्हतं.
परागकोशात तेच आम्ल आपोआप साचलं,
तोच शब्द, नको त्या वयात.
लोंब्या बाहेर आल्या त्या ताठ,
आणि ताठच राहिल्या.
सगुणाने सूप हलवलं तेव्हा
अर्धं पीक वाऱ्याने नेलं, आवाजही झाला नाही.
ती मला काही बोलली नाही. पळींज गोळा करून
गोठ्यात अंथरलं तिने.

म्हणून मी त्या वाक्यात एक शब्द घालते: रोपावस्थेत.
साहेब तो खोडतील. मी पुन्हा घालीन.

चहा निवतो आहे. सगुणा ब-च्या कडेला बसून
एक रोप बोटाने हलवते,
झोपलेल्या पोराचा खांदा हलवावा तसं.
"मगे ह्येका आता चल म्हणान
कोण सांगता?"

मी म्हणते, बहुतेक ऊन. म्हणते, अजून काही काही.
ती मान हलवते, पटल्यासारखी नाही.

सात दहा. डोंगरावरून ऊन उतरतं
आणि आधी ड-वर पडतं,
मग क, मग ब, अ-वर सगळ्यात शेवटी,
चांगल्या वीस मिनिटांनी.
हे मी वाफे आखताना धरलंच नव्हतं.