दहा पावलं

सोदाम आमच्या मागून चालायची, दहा पावलं सोडून.
जवळ आली की मिनसॉल नाक मुरडायची,
मागे पडली की आमचे व्हिडिओ अडकायचे.

तिच्या फोनचं नेट आम्ही पाचजणी वापरायचो.
गुन्सानच्या बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर,
माशांच्या वड्यांच्या गाडीपाशी,
संडासाच्या दाराबाहेरसुद्धा
ती उभी.

रात्री ती ग्रुप सोडून जायची.
आम्ही परत ओढून आणायचो.
एका रात्रीत सत्तेचाळीस वेळा.
मी मोजलं, आणि मग मला छान झोप लागली.

मिनसॉल काय लिहायची ते इथे लिहीत नाही.
मी नुसते हसरे चेहरे टाकायचे.
नुसते.

पासवर्ड ‘दुबू’ आणि पुढे चार आकडे.
दुबू म्हणजे टोफू. आम्ही तिलाच टोफू म्हणू लागलो,
पांढरी, मऊ, कशीही कापा.

नोव्हेंबरात तिची आई कप्पा रिकामा करायला आली.
बोटांवर इस्त्रीचे चटके,
जाकिटातून डोकावणारं एक पांढरं कुत्रं.
“दुबू, गप,” ती म्हणाली,
आणि मला वाकून नमस्कार केला,
लेकीची मैत्रीण समजून.

तेवढ्यात खिशातला माझा फोन थरथरला.
जोडला गेला होता, आपणहून.
म्हणजे फाटकाशी थांबलेल्या गाडीत सोदाम होती,
नेट चालू ठेवून. सवयीनं, की...

मी गेले नाही.
गाडी सुरू झाली.
तीन रेघा, दोन, एक.
मग फोन बराच वेळ शोधत राहिला
आणि मी त्याच्याकडे बघत.