फळीवर दोनदा

आईच्या मातीला पाद्री वाल्देमार अर्धा तास बोलले.
रेमिहिओ माझ्या शेजारी उभा,
छताच्या फळ्या मोजत.
ओहोटीच्या चिखलातून घरी परतताना त्यानं हातांनी विचारलं,
एवढा वेळ काय सांगत होता तो आईबद्दल?
मी अंगठा वर केला. चांगली.
अर्ध्या तासाचा एक अंगठा.
त्या रात्री मला घास गेला नाही.

सोमवारी पाद्रींकडे गेले,
बहिऱ्यांसाठी उपासना हवी म्हटलं.
किती जण आहेत?
एक, म्हटलं. मग लाज वाटून, चार असतील.
खोटं नव्हतं ते,
फक्त शोधायचे राहिले होते.

चिलोएच्या बेटांवर बोटीनं फिरले.
शिंपले सोलणारी एर्मिंदा सापडली, शाळेचं तोंड न पाहिलेली.
वय विचारलं की मोठ्या भूकंपाची थरथर दाखवते,
मग हात कमरेशी नेते: तेव्हा मी एवढी.
कास्त्रोच्या गोदीतले दोघे जुळे, फक्त एकमेकांशी बोलणारे.

पहिल्या रविवारी पाद्री खिडकीला पाठ करून उभे राहिले.
तोंड काळं, हात काळे.
एर्मिंदानं उठून त्यांचा दंड धरला
आणि कपाट सरकवावं तसं त्यांना उजेडाकडे वळवलं.

मग ते म्हणाले, डोळे मिटू या, प्रार्थना करू या.
सगळ्यांनी मिटले.
ही चार माणसं मात्र टक्क जागी,
माझ्या बोटांकडे बघत.
डोळे मिटले की यांच्यापुरतं दार बंद,
हे इतकी वर्षं माझ्याही ध्यानात आलं नव्हतं.

म्हणतात, या हाताचं त्या हाताला कळू नये.
इथं दोन्ही हातांना कळल्याशिवाय वाक्य पुरं होत नाही.

'कृपा' मला अजून नीट जमत नाही.
पुस्तकातलं चित्र बघून करते, तर जुळे हसतात,
मोठ्यानं, घशातून.
डोन्या फ्रेसिया मागे वळून बघतात.
बघू देत.

वर्ष झालं तेव्हा पाद्रींकडून तो जुना कागद मागून आणला
आणि उपासनेनंतर रेमिहिओसमोर अख्खा उलगडला.
सोशीक. देवभीरू. दिव्यासारखी.
तो शेवटपर्यंत बघत राहिला.
मग विचारलं, हे कुणाबद्दल आहे?

उठून पुढे गेला, उजेडात उभा राहिला.
शेजाऱ्याची सफरचंदं एप्रनमध्ये लपवणारी,
बटाटे सोलताना पेंगणारी,
बाबांवर चिडली की विझलेली चूल फुंकत बसणारी.
मी मोठ्यानं सांगत होते मंडळींना
आणि तिसऱ्या वाक्याला अडखळले.
चुलीचं मलाही माहीत नव्हतं.

मला हाक कशी मारायची, बघा, म्हणाला.
टाच उचलली.
जुन्या लाकडी फळीवर दोनदा.

शेवटच्या बाकापर्यंत पोचलं ते.
डोन्या फ्रेसियांनी दचकून पाय वर घेतले.
एर्मिंदानं आपल्या रबरी बुटानं
ओ दिली.